काळीवरची शहरं : खामगाव आणि फ्रिस्को

अमेरिकेत टेक्सास राज्याच्या उत्तर भागात उन्हाळा कडक झाला की लोक घराच्या पायाला पाणी घालतात. भिंतीपासून थोडं अंतर सोडून जमिनीत बारीक छिद्रांची नळी पुरलेली असते आणि तिच्यातून पाणी थेंबथेंब झिरपत राहतं. माती वाळून आकसली की पाया एका अंगाला खचतो, भिंतीला तिरपी चीर जाते, दारं चौकटीत अडकू लागतात. म्हणून माती ओलसर ठेवायची. लाखो डॉलर मोजून घेतलेल्या घरांचे मालकही हे काम मन लावून करतात, कारण त्यांचं घर काळ्या मातीवर उभं आहे.

या पट्ट्याला ‘ब्लॅकलँड प्रेअरी’ म्हणतात, म्हणजे काळ्या मातीचा गवताळ माळ. याच माळावर डॅलस शहराच्या उत्तरेला फ्रिस्को नावाचं शहर आहे. १९९० साली तिथे सहा हजारांच्या वर थोडी वस्ती होती. २००० च्या जनगणनेत ती ३३,७१४ झाली, २०१० मध्ये १,१६,९८९ आणि २०२० मध्ये २,००,५०९. म्हणजे तीस वर्षांत तीस पटींहून जास्त. २०१६ ते २०१७ या एका वर्षात तर अमेरिकेतल्या मोठ्या शहरांमध्ये सगळ्यांत वेगाने वाढलेलं शहर म्हणून त्याची नोंद झाली. तिथे आणि आसपासच्या उपनगरांमध्ये भारतीय कुटुंबं मोठ्या संख्येने आहेत, त्यांत मराठीही पुष्कळ. वऱ्हाडातून तिकडे गेलेल्या माणसाला निदान पायाखालची माती परकी वाटायचं कारण नाही. मृदाशास्त्राच्या वर्गवारीत ब्लॅकलँडची माती आणि वऱ्हाडातली कापसाची काळी या दोन्ही एकाच गटात बसतात. त्या गटाचं नाव व्हर्टिसॉल.

या मातीत चिकणमातीचा अंश फार मोठा असतो, आणि त्या चिकणमातीतली स्मेक्टाइट जातीची खनिजं पातळ पापुद्र्यांच्या थरांची बनलेली असतात. थरांमध्ये पाणी शिरलं की ती फुगतात, पाणी गेलं की आकसतात. त्यामुळे पावसाळ्यात ही जमीन पाय बाहेर काढू देत नाही आणि वैशाखात हात आत जाईल एवढ्या भेगा टाकते. वरची भुसभुशीत माती त्या भेगांत पडते, पाऊस आला की आत गेलेली माती फुगून वर रेटते, आणि वर्षानुवर्षं जमीन आपली आपणच उलथत राहते. अशी माती ओल धरून ठेवते. पाऊस थांबल्यावरही खोल गेलेल्या मुळांना ती कित्येक आठवडे पुरते, म्हणून विहिरीच्या पाण्याशिवायही इथे कापूस पिकतो. शेतकऱ्यासाठी जे वरदान, तेच घर बांधणाऱ्यासाठी संकट.

आपल्या पूर्वजांनी यावर साधा, पक्का तोडगा काढला होता. गावाची दोन अंगं मानली जात, काळी आणि पांढरी. काळी म्हणजे शेत, पांढरी म्हणजे गावठाण. काळीत पेरायचं आणि पांढरीवर राहायचं. पांढरी जरा उंचवट्यावर असे, शेकडो वर्षांच्या राबत्याने तिथली माती राखाडी-पांढरट झालेली असे आणि ती भेगाळत नसे. भिंती आणि धाबी लिंपायलाही हीच माती चाले. पेरणीपूर्वी काळीची पूजा आणि गावच्या सणाला पांढरीचा मान हे वेगळं पाळण्यामागे श्रद्धा होती, तसं जमिनीचं नेमकं ज्ञानही होतं, असं मला वाटतं. शहरं वाढू लागली तेव्हा ही मर्यादा पहिल्यांदा ओलांडली गेली. बुलडाणा जिल्ह्यात ती सगळ्यांत आधी आणि सगळ्यांत वेगाने ओलांडणारं गाव म्हणजे खामगाव.

या जिल्ह्याचे दोन मजले आहेत. बुलडाणा, चिखली, मेहकर, देऊळगाव राजा, सिंदखेडराजा हा अजिंठ्याच्या डोंगररांगेवरचा भाग. इकडचे लोक त्याला ‘घाटावर’ म्हणतात. मलकापूर, नांदुरा, खामगाव, शेगाव, जळगाव जामोद, संग्रामपूर हा पूर्णेच्या खोऱ्यातला सखल भाग ‘घाटाखाली’. घाटावरचं पाणी पैनगंगा आणि खडकपूर्णा यांच्यामार्फत गोदावरीला जातं, घाटाखालचं पूर्णेतून तापीला. घाट उतरून पूर्णेकडे जावं तशी काळी खोल होत जाते. पण पूर्णेच्या दोन्ही तीरांवर एक वेगळीच अडचण आहे. तिथल्या मोठ्या पट्ट्यात भूजल खारं आहे, म्हणून त्याला खारपाणपट्टा म्हणतात. विहीर खणली तरी पाणी पिकाला आणि पोटाला चालेलच असं नाही. खामगाव घाट आणि खारपाणपट्टा या दोहोंच्या मध्ये, डोंगराच्या पायथ्याशी वसलं आहे.

साधारण १८२० च्या सुमारास तिथे काही व्यापाऱ्यांनी दुकानं मांडली आणि तूप, सूत व थोडाफार कापूस यांची देवघेव सुरू झाली. वऱ्हाड तेव्हा निजामाकडे होतं. इथला कापूस त्या काळी लमाणांच्या तांड्यांतून, बैलांच्या पाठीवर लादून, शेकडो मैल दूर गंगेकाठच्या मिर्झापूरला जायचा. वाटेत धूळ, पाऊस, जकात, चोरी, सगळं सोसत. मुंबईची वाट उघडली ती विकाजी-पेस्तनजी या पारशी पेढीने. १८२५-२६ साली या पेढीने ५०० बैलांवर १,२०,००० पौंड कापूस लादून वऱ्हाडातून मुंबईकडे धाडला. एका बैलाच्या वाट्याला २४० पौंड ओझं आलं. आजच्या मापाने पाहिलं तर ५०० बैलांच्या त्या तांड्याचा सगळा माल १७० किलोच्या सव्वातीनशेहून कमी गाठींत मावतो.

१८५३ साली निजामाने कंटिन्जंट फौजेच्या कर्जापोटी वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात दिलं. इंग्रजांचा या मुलखावर डोळा कशासाठी होता हे उघड होतं. लँकेशायरच्या गिरण्या चालायच्या त्या अमेरिकेच्या कापसावर, त्यांच्या एकूण कापसातला तीन-चतुर्थांशाहून जास्त माल तिथून यायचा, आणि तो गुलामांच्या श्रमावर पिकत होता. एका देशावर असं विसंबून राहणं धोक्याचं आहे हे मँचेस्टरचे गिरणीमालक कितीतरी वर्षं सरकारला सांगत होते. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरं कोंडली आणि लिव्हरपूलचा कापूस आटला. हिंदुस्थानी कापसाचे भाव आकाशाला भिडले. मुंबईत दलाल प्रेमचंद रायचंद यांच्या काळातला शेअरबाजाराचा उन्माद याच पैशातून आला. वऱ्हाड-मध्यप्रांतातल्या शेतकऱ्यांनी गाड्यांच्या चाकांना चांदीच्या धावा बसवल्या, अशा गोष्टी त्या काळी सांगितल्या गेल्या. त्यांत अतिशयोक्ती असणार, पण चांदी मोठ्या प्रमाणावर खेड्यांत शिरली हे खरं.

युद्ध १८६५ मध्ये संपलं, भाव कोसळले, मुंबईतल्या कंपन्या बुडाल्या. खामगावची खरी भरभराट मात्र त्यानंतरची आहे. नुसत्या भावाच्या उसळीने बाजार भरतो, पण शहर उभं राहायला कायमची वाट लागते. ती वाट म्हणजे ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे. भुसावळहून मलकापूर, शेगाव, अकोला, बडनेरा करत हे रूळ १८६७ मध्ये नागपूरला पोचले. अभियंत्यांनी पूर्णेच्या सपाट खोऱ्यातून सरळ रेघ मारली आणि त्या रेघेत वऱ्हाडातली कापसाची सर्वांत मोठी बाजारपेठच बाहेर राहिली. खामगाव रुळांपासून आठ मैल दक्षिणेला पडलं. अमरावतीचंही तेच झालं, ती बडनेऱ्यापासून सहा मैल दूर राहिली.

या ठिकाणी फ्रिस्कोची गोष्ट शेजारी ठेवून पाहण्यासारखी आहे. टेक्सासात त्या माळावर लेबनन नावाचं गाव आधीपासून होतं, गुरांचे कळप हाकण्याच्या जुन्या वाटेवरचं. १९०२ मध्ये सेंट लुईस-सॅन फ्रान्सिस्को रेल्वे आली ती त्या गावाला वगळून, कारण वाफेच्या इंजिनांना पाणी हवं होतं आणि ते चार मैल पश्चिमेला होतं. तेव्हा लेबननचे लोक उठले आणि रुळांजवळ गेले, काहींनी तर लाकडी घरंच्या घरं ओंडक्यांवर घालून सरकवत नेली. रेल्वेच्याच नावाचा तुकडा घेऊन नव्या गावाचं नाव फ्रिस्को पडलं. तिथेही सुरुवातीचा धंदा कापसाचाच होता. खामगावात उलट घडलं. रूळ बाजाराकडे आले. जलंबपासून खामगावपर्यंत सरकारी खर्चाने आठ मैलांचा फाटा टाकण्यात आला आणि मार्च १८७० मध्ये खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो त्याच्या उद्घाटनाला खामगावी आला. हिंदुस्थानचा सर्वोच्च अधिकारी एका तालुक्याच्या गावी आठ मैलांच्या रुळांसाठी येतो, यावरून मँचेस्टरच्या लेखी या गावाची किंमत काय होती ते कळतं.

त्या फाट्याचं मोल त्याच्या लांबीवर नव्हतं. काही महिन्यांपूर्वी, नोव्हेंबर १८६९ मध्ये, सुएझचा कालवा उघडला होता. १८७० च्याच वसंतात सुएझ-एडन-मुंबई अशी समुद्राखालची तार टाकून झाली. तीन गोष्टी एका वेळी जुळल्या. लिव्हरपूलच्या व्यापाऱ्याने तारेने मागणी नोंदवायची आणि साधारण सहा आठवड्यांत वऱ्हाडचा कापूस आपल्या धक्क्यावर उतरवून घ्यायचा, असा हिशेब त्या काळी मांडला जाऊ लागला. ज्या गावातून पूर्वी मिर्झापूरला माल पोचायला महिने लागत, तिथल्या दलालाला आता लिव्हरपूलचा भाव कळू लागला. शेतकऱ्याला तो कळत होता का, हा प्रश्न वेगळा, आणि त्याकडे पुढे येऊच.

गावात यंत्रं का आली, हेही समजून घ्यायला हवं. शेतातून येतो तो सरकीसकट कापूस. त्याच्या वजनात दोन भाग सरकी आणि जेमतेम एक भाग रुई असते. तो तसाच पाठवायचा म्हणजे दोन-तृतीयांश भाडं सरकीचं भरायचं. म्हणून सरकी काढणारी जिनिंग बाजाराच्या गावातच हवी. रुई मोकळी ठेवली तर ती हलकी आणि फुगीर, डबा भरतो पण वजन भरत नाही. म्हणून ती दाबून घट्ट गाठी बांधणारी प्रेस हवी, आणि ती रुळांच्या शक्य तितकी जवळ हवी. वाफेवर चालणारी ही यंत्रं कोळसा मागतात, कोळसा रेल्वेने येतो. अशा रीतीने जिनिंग, प्रेसिंग, गोदामं, कोळशाचे ढीग, हमाल, गाडीवान, अडते, दलाल आणि त्यांना जेवू घालणारे, असं सगळं एका स्टेशनाभोवती गोळा होतं. राल्ली, फोल्कार्ट यांसारख्या युरोपीय कंपन्यांनी या मुलखात थेट खरेदी सुरू केली आणि फोल्कार्टने खामगावात आपलं ठाणं मांडलं. स्वित्झर्लंडच्या विंटरथूर शहरातली पेढी आणि वऱ्हाडातला गाडीवान एका व्यवहारात आले.

परिणाम आकड्यांत दिसतो. १८६७ मध्येच खामगावात नगरपालिका झाली होती. १९०१ च्या जनगणनेत खामगावची वस्ती १८ हजारांच्या वर होती, शेगावची १५ हजारांच्या घरात. त्याच वेळी घाटावर, थंड हवेचं ठिकाण म्हणून इंग्रजांनी निवडलेल्या बुलडाण्याला जेमतेम चार हजार लोक राहत होते. कचेरी तिथे होती, पण रेल्वे नव्हती. खामगाव तेव्हा अकोला जिल्ह्यात होतं. १९०५ च्या फेररचनेत ते बुलडाण्यात आलं आणि जिल्ह्याला आपल्या मुख्यालयाहून कितीतरी मोठं शहर मिळालं.

या वेगाची किंमत कुणी मोजली, हे सांगितल्याशिवाय ही कहाणी पुरी होत नाही. कापसाखालचं क्षेत्र वाढलं ते बऱ्याच ठिकाणी ज्वारीच्या आणि गायरानांच्या जागी. सारा रोख भरायचा होता, सावकाराचं देणं रोख होतं, आणि कापूस हे रोखीचं पीक. १८९६-९७ आणि १८९९-१९०० या दुष्काळांत वऱ्हाडात माणसं आणि गुरं मोठ्या संख्येने मेली. त्याआधीच्या काळात हा सुपीक, सुखवस्तू मुलूख म्हणून ओळखला जाई. इतिहासकार लक्ष्मण सत्या यांनी ‘कॉटन अँड फॅमिन इन बेरार’ या ग्रंथात या दोन गोष्टींचा, कापसाच्या व्यापाराचा आणि दुष्काळाचा, संबंध मांडला आहे. घरातलं धान्याचं पेव रिकामं ठेवून लिव्हरपूलच्या भावावर जगणारा मुलूख पाऊस चुकताच उघडा पडतो. खामगावच्या प्रेसांवर गाठी बांधल्या जात होत्या त्याच वर्षांत आसपासच्या खेड्यांतून लोक दुष्काळी कामांवर खडी फोडत होते. शहराच्या वाढीचा अभिमान बाळगताना हे विसरू नये.

बाजारात शेतकऱ्याची दुसरी कोंडी होई. दलाल आणि खरेदीदार रुमालाखाली एकमेकांची बोटं दाबून भाव ठरवत, त्याला हत्ता म्हणत. गाडीवर बसलेल्या मालकाला आपल्या मालाचा भाव कितीवर तुटला ते शेवटी कळे. वजनात घट, नमुन्याच्या नावाखाली पसा-पसा कापूस, धर्मादाय, हमाली, तोलाई अशा कापण्या वेगळ्याच. यावर नियमन आलं तेही वऱ्हाडातच. देशातला पहिला नियंत्रित कापूस बाजार १८८६ मध्ये कारंज्याला सुरू झाला आणि १८९७ मध्ये वऱ्हाडासाठी कापूस आणि धान्य बाजाराचा कायदा झाला. आजच्या बाजार समित्यांचं मूळ या कायद्यात आहे. पण त्याची प्रेरणा शेतकऱ्यापेक्षा गिरणीला शुद्ध माल मिळावा ही अधिक होती, आणि बाजार चालवणाऱ्या समित्यांवर सुरुवातीला शेतकऱ्यांना प्रतिनिधित्वच नव्हतं. १९२८ च्या शेतकीविषयक रॉयल कमिशनने या उणिवेवर स्पष्ट बोट ठेवलं.

पाण्याचं काय? अठरा-वीस हजारांच्या वस्तीला विहिरी पुरेनात, तेव्हा इंग्रजी अमलातच गावाबाहेर जनुना तलाव बांधला गेला. खामगावकरांच्या कित्येक पिढ्या त्या पाण्यावर वाढल्या. पुढे वस्ती वाढली आणि शहराला घाटाच्या कुशीतल्या ज्ञानगंगा प्रकल्पाकडे वळावं लागलं. शहर किती वाढू शकतं हे शेवटी त्याच्या पाण्याच्या जागेवरून ठरतं, आणि घाटाखाली खारं भूजल असल्यामुळे ही गोष्ट इथे फार आधी उघड झाली. फ्रिस्कोलाही स्वतःचं पुरेसं पाणी नाही. तिथल्या अनेक शहरांनी मिळून स्थापलेल्या पाणीपुरवठा संस्थेकडून, लॅव्हन जलाशयासारख्या साठ्यांतून ते आणावं लागतं. इंजिनाला पाणी आहे म्हणून वसलेल्या गावाला दोन लाख माणसांसाठी पाणी दुरून आणावं लागतं!

कापसाच्या पैशाने खामगावाला आणखी काही दिलं. सुगीनंतर हाती रोकड आलेलं घर आधी चांदी घ्यायचं, आणि त्यातून इथे चांदीची मोठी पेठ वाढली. आज खामगावची ओळख रजतनगरी अशी आहे आणि इथली भांडी, मूर्ती, पालख्या, मखरं दूरवर जातात. राष्ट्रीय शिक्षणाच्या चळवळीतून इथे टिळक राष्ट्रीय विद्यालय उभं राहिलं. कोजागिरीला बसणाऱ्या मोठ्या देवीच्या शांती महोत्सवाला पंचक्रोशी लोटते. बाकी महाराष्ट्रात दसऱ्याला देवी उठते, आणि इथे त्यानंतर बसते. बाहेरच्या भांडवलाने वसलेल्या गावाला स्वतःचा सण, स्वतःची कारागिरी आणि स्वतःची शाळा असणं ही मला त्याच्या रुळांइतकीच महत्त्वाची गोष्ट वाटते. कापसाचा जोर ओसरल्यावर गाव उभं राहिलं ते यांच्या आधाराने.

तो जोर ओसरलाच. १९७२ मध्ये महाराष्ट्रात एकाधिकार कापूस खरेदी योजना आली, खासगी व्यापार थांबला आणि जुन्या पेढ्यांची कामं संपली. पुढे ती योजनाही मोडली. सोयाबीनने कापसाची जागा घेतली. हिंदुस्थान लिव्हरच्या कारखान्यासारखे नवे उद्योग आले, पण एकेकाळच्या वेगाने शहर पुन्हा धावलं नाही. २०११ मध्ये खामगावची लोकसंख्या ९४ हजारांच्या आसपास होती. ११० वर्षांत पाच पट. फ्रिस्कोने त्याच्या सहापट वाढ तीस वर्षांत केली.

हा फरक कशाने? फ्रिस्को हे उपनगर आहे, डॅलसच्या अर्थव्यवस्थेचा हात. डॅलस नॉर्थ टोलवे हा टोलरस्ता उत्तरेला सरकत गेला तसतशी त्याच्या दोन्ही बाजूंची कापसाची आणि धान्याची शेतं घरांच्या ओळींत बदलली. नोकऱ्या शेजारच्या प्लेनोतल्या मोठ्या कंपन्यांत, घर इथे, मुलांसाठी नाव मिळवलेल्या सरकारी शाळा इथे. कापूस केव्हाच गेला. ब्लॅकलँड प्रेअरीच्या मूळ गवताळ माळाचा आज एक टक्काही उरलेला नाही. आधी नांगराने घेतला, मग घरांनी. खामगावाला असं मोठं शहर शेजारी नाही. अकोला पन्नासेक किलोमीटरवर, तेही स्वतः कापसावरच मोठं झालेलं. खामगाव नेहमी आपल्याच तालुक्याच्या मातीवर उभं राहिलं, म्हणून त्या मातीची परवड झाली की शहराचीही होते.

आणि तरीही ते आता त्या मातीवरच चढतं आहे. अकोला, नांदुरा, शेगाव, चिखली अशा प्रत्येक वाटेवर शेतांत खुणेचे दगड दिसतात, त्यावर आकडे आणि मधून मुरमाचे पट्टे. ले-आऊट पडलं, म्हणजे शेत गेलं. काळीवर घर बांधायचं तर वरची माती उकरून मुरूम भरावा लागतो, पाया खोल न्यावा लागतो, मोठ्या बांधकामाला तळाशी फुगवटा असलेले खांब घ्यावे लागतात. रुरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने असे खांब काळ्या मातीसाठीच विकसित केले. हा खर्च झेपत नाही तो माणूस साधा पाया घालतो आणि तिसऱ्या-चौथ्या उन्हाळ्यात भिंतीला चिरा मोजतो. मला खंत वाटते ती दुहेरी आहे. सेंटिमीटरभर माती व्हायला शेकडो वर्षं लागतात, अशी ओल धरणारी जमीन आपण प्लॉटखाली घालतो, आणि ज्याला ती विकतो त्यालाही ती धड घर देत नाही.

शेगावचा मार्ग वेगळा. तेही कापसाचं गाव, तिथेही जिनिंग-प्रेसिंग होतं. २३ फेब्रुवारी १८७८ रोजी गजानन महाराज तिथे प्रथम दिसले, ८ सप्टेंबर १९१० रोजी त्यांनी समाधी घेतली. त्यानंतर त्या गावाला येणारी माणसं कापसाच्या भावावर अवलंबून राहिली नाहीत. मुख्य रुळावरचं स्टेशन होतं म्हणून भाविक थेट पोचले. संस्थानाने भक्तनिवास, दवाखाने, अभियांत्रिकी महाविद्यालय उभारलं आणि शिस्तीने चालवलं. २०११ मध्ये शेगावची लोकसंख्या साठ हजारांच्या जवळ गेली. पण दर गुरुवारी, उत्सवात किंवा सुट्टीत तिथे जेवढी माणसं उतरतात त्यांच्यासाठी पाणी आणि गटारं लागतात ती जनगणनेच्या आकड्यावर मोजून भागत नाहीत.

या जिल्ह्यात वाट नेहमी घाटाखालून गेली. आधी रेल्वे, मग मुंबई-कोलकाता महामार्ग. घाटावर मात्र मेहकर, देऊळगाव राजा, सिंदखेडराजा ही कितीतरी जुनी, इतिहासाने मोठी गावं रुळांविना राहिली. खामगाव ते जालना हा लोहमार्ग चिखली-देऊळगाव राजावरून नेण्याची मागणी शंभराहून जास्त वर्षांची आहे. तो झाला तर १८७० चा फाटा खामगावात संपणार नाही, मराठवाड्याला जोडला जाईल. सर्वेक्षणं होत आली, रूळ पडलेले नाहीत.

दरम्यान मुंबई-नागपूर समृद्धी महामार्गाने घाटाखालच्या वाटेचा हा क्रम उलटवला. ७०१ किलोमीटरचा हा रस्ता बुलडाणा जिल्ह्यातून जातो तो घाटावरून, मेहकर आणि सिंदखेडराजा तालुक्यांतून. नागपूर-शिर्डी हा टप्पा ११ डिसेंबर २०२२ ला आणि पूर्ण मार्ग ५ जून २०२५ ला खुला झाला. जुन्या महामार्गावर गाव कुठेही रस्त्याला लागून वाढू शकतं, फाट्यावर चहाची टपरी पडली तरी दहा वर्षांत तिथे पेठ उभी राहते. समृद्धीवर तसं होत नाही. त्याला दोन्हीकडे कुंपण आहे, वर चढायचं ते ठरावीक इंटरचेंजवरून. म्हणजे वाढ होईल ती मेहकर, दुसरबीड, सिंदखेडराजा अशा मोजक्या ठिकाणी, आणि तिथे ती एकवटेल. अशा जागांजवळ कृषी समृद्धी नगरं म्हणजे नवी शहरं वसवण्याची राज्याची योजना आहे, जमीनमालकाने शेत द्यायचं आणि बदल्यात विकसित भूखंड घ्यायचा या तत्त्वावर.

या नव्या नगरांच्या आराखड्यावर ज्यांचं नाव सातबाऱ्यावर आहे त्यांनी दोन गोष्टी आधी विचारून घ्याव्यात. पहिली पाण्याची. जवळचे मोठे साठे दोन, देऊळगाव राजाकडचा खडकपूर्णा आणि मेहकर तालुक्यातला पेनटाकळी. दोन्हींवर आज शेती आणि अनेक गावांच्या नळयोजना अवलंबून आहेत. नव्या शहराचं पाणी त्यांतूनच घ्यायचं असेल तर कोणत्या कालव्याचं आवर्तन कमी होणार हे कागदावर दिसलं पाहिजे. दुसरी जागेची. घाटावर सगळी जमीन काळी नाही. मुरमाड, बरड, हलकी रानं भरपूर आहेत, जी पिकाला कमी आणि पायाला जास्त उपयोगाची. नगराची सीमा आखताना खोल काळी बाहेर ठेवून अशा बरडावर घरं आणि गोदामं नेणं शक्य आहे. त्यासाठी गट क्रमांकांच्या नकाशावर मातीचा नकाशा ठेवून पाहावा लागेल, आणि हे काम भूसंपादनाची पहिली नोटीस निघण्याआधीच करावं लागेल.